एकसष्टाव्या दिवसाची रिकामी ओळ

अनंतकाका,

आज चौऱ्याऐंशीवा दिवस. म्हणजे वहीप्रमाणे. तुमच्यापुरतं सगळं एकसष्टाव्या दिवशीच संपलं, आणि तरी मी इथे बसून दिवस मोजून राहिले आहे. 'मोजून राहिले' वाचताच तुम्ही खिशातलं तांबडं पेन काढलं असतं आणि म्हणाला असतात, "चंद्रपूरच्या बाईंना पुण्यात येऊन बारा वर्षं झाली, मराठी मात्र अजून स्टँडवर उतरलेलीच नाही." काढा पेन. आज मी काही म्हणणार नाही.

आत्ता चार वाजलेत. सहाच्या आत हे लिहून संपवायचं आहे, कारण सहाला मला एक काम आहे. ते शेवटी सांगते. हॉस्पिटलमधल्या त्याच खोलीत बसले आहे. दोन टेबलं, वजनकाटा, कुलपाचं कपाट. तुम्ही बसायचात ती खुर्ची समोर आहे. सकाळपासून तिच्यावर कुणाला बसू दिलेलं नाही. पाय मोडलाय म्हणून सांगितलं.

एक आधीच लिहून ठेवते. आमच्या घरात भूतबीत कुणी मानत नाही. आजोबांनी धम्म घेतला त्या दिवशी नवस, अंगारे आणि भुतं एकदमच घराबाहेर गेली, असं बाबा सांगायचे, आणि मी त्यांचीच मुलगी आहे. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते मला अजिबात आवडलेलं नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा औषधाच्या चाचणीचं संमतीपत्र वाचायला पाऊण तास लावलात. बाकीचे लोक सही कुठे करायची तेवढं विचारतात. तुम्ही चार पानं ओळीवर बोट ठेवून वाचलीत, शर्टाची डावी बाही टेबलावर नुसती पडलेली, आणि मग कागद माझ्याकडे सरकवलेत.

"तीन चुका आहेत. दुरुस्त करून आणा, मग सही करतो."

"काका, हे समितीने मंजूर केलंय. आता बदलता येत नाही."

"मग समितीला घेऊन या."

मला असा राग आला होता. पण तुमचा धंदाच तो होता हे मला नंतर कळलं. नारायण पेठेतल्या छापखान्यात तुम्ही कागद कापायच्या मशीनवर होतात. त्या मशीनने तुमचा डावा हात मनगटाच्या वरून नेला, तेव्हा तुम्ही माझ्याहूनही लहान होतात. मालक भला माणूस, त्याने तुम्हाला काढलं नाही, आत प्रुफं तपासायला बसवलं. दिनदर्शिकांची प्रुफं. पुढच्या वर्षातला प्रत्येक दिवस तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुण्यात उगवत नसे, असं तुम्ही म्हणायचात, आणि ते तुम्ही गमतीने म्हणता असं मला वाटायचं.

हात गेला, दुखणं राहिलं. नसलेला हात दुखतो हे पुस्तकात मी शिकले होते, पण ते नेमकं कसं दुखतं हे तुम्ही सांगितलंत. मूठ वळलेली आहे. अंगठा आत, चार बोटं त्याच्यावर, नखं तळव्यात रुतलेली. उघडायची म्हटली तर उघडणार कशी, हातच नाही. चाळीस-बेचाळीस वर्षं ती मूठ तशीच. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या. घरचे आधी काळजी करायचे, मग हसायला लागले, मग नाटक म्हणायला लागले. तुमचा मुलगा वाईट माणूस नाही, पण तोही म्हणालाच होता, "बाबा, जे नाहीच ते दुखेल कसं?"

म्हणून तुम्ही आमच्याकडे आलात. शरीरात आपोआप तयार होणारं एक हार्मोन असतं. आई बाळाला पाजते, कुणी मायेने जवळ घेतं, तेव्हा ते वाढतं. तेच नाकात स्प्रेने दिलं तर जुनं दुखणं कमी होतं का, एवढं आम्हाला बघायचं होतं. निम्म्या बाटल्यांत ते हार्मोन, निम्म्यांत मिठाचं पाणी. कुणाच्या वाट्याला काय आलं हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. मी हे सगळं नीट समजावून सांगितलं.

"म्हणजे या वयात मला पान्हा फुटणार," तुम्ही म्हणालात.

"नाही फुटला तर मिठाचं पाणी होतं समजा."

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा हसलात. मग सही करता करता जे म्हणालात ते मी विसरलेले नाही. "मला बरं करा असं मी म्हणत नाही. दुखतं, एवढं कुठेतरी छापून येऊ दे. नाव नको. नुसता आकडा आला तरी चालेल." त्या कागदावर तुम्ही सतरा नंबरचे सहभागी झालात, आणि मी मनातल्या मनात कबूल केलं की सतराचे आकडे नीट पुढे जातील हे मी बघेन. मोठ्याने म्हणाले नाही. आमच्या कामात असं कबूल करायचं नसतं.

काम सोपं होतं. स्प्रे रोज दोनदा, आणि संध्याकाळी सहाला वहीत एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. चौऱ्याऐंशी ओळी. मी सहाला आठवणीचा फोन करायचे, आणि नियमात नसलं तरी तुमचा आकडा माझ्या रजिस्टरमध्येही टिपून ठेवायचे. खरं तर फोन दोन मिनिटांचा. आपला कधी पंधरा मिनिटांच्या आत संपला नाही.

त्या फोनवर तुम्ही मला काय काय सांगितलंत. मंडईत मेथीची जुडी उजव्या हातात घेतली की डाव्या हाताला गार, ओलं लागतं. पाव्हण्यांशी बोलताना डावा हात नकळत पुढे जातो आणि समोरचा माणूस मागे सरकतो, त्याला काही दिसलेलं नसतानाही. आणि काकूंचं. सहाला दिवा लावून झाला की काकू तेलाची वाटी घेऊन तुमच्या डाव्या बाजूला बसायच्या आणि जिथे हात नाही तिथे चोळायच्या. हवेत. एकेक बोट उघडायच्या, करंगळीपासून. अंगठ्यापासून सुरू केलं तर उघडत नाही, हे त्यांनीच शोधून काढलं होतं.

"तेल मग तिच्याच हाताला राहायचं," तुम्ही म्हणालात. "ते ती आपल्या केसांना लावायची. वाया काही गेलं नाही."

"आणि बरं वाटायचं?"

"मूठ सुटायची. पुरती सुटली त्या दिवशी तिचा हात कोरडा निघायचा, असं ती म्हणायची. मी म्हणायचो, पदराला पुसला असशील. त्यावरून आमचं बोलणं बंद."

काकूंना जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत ती मूठ कुणी उघडली नाही.

आता त्या गोष्टी लिहिते ज्या तेव्हा मला ऐकू आल्या पण कळल्या नाहीत. मी "आज किती?" विचारलं की तुमच्याकडून आधी पान उलटल्याचा आवाज यायचा, मग आकडा. मला वाटायचं, लिहायला वही उघडत असतील. आणि बाविसाव्या दिवशी फोन ठेवताना तुम्ही म्हणालात, "उद्या जरा वाईट आहे." हवामानाबद्दल बोलावं तसं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमची सून मृदुलावहिनी तुम्हाला रिक्षातून इकडे घेऊन आल्या. ओठ पांढरे पडलेले, शर्ट घामाने भिजलेला, उजव्या हाताने रिकामी बाही धरून ठेवलेली. मी तुमची नाडी मोजली आहे, काका. ते नाटक नव्हतं. सहाला तुम्ही इथेच होतात, तरी मी विचारलं, किती. डोळे मिटूनच तुम्ही म्हणालात, "नऊ." त्या दिवशी वही घरी राहिली होती.

आपला वादही अर्धाच राहिला. तुमचं म्हणणं, आकडा विचारणाऱ्यावर ठरतो. सुनेने विचारलं तर दोन, डॉक्टरने विचारलं तर सहा, मी विचारलं तर खरा. माझं म्हणणं, मग हा आकडाच नाही, ही ओळखदेख झाली. तुम्ही म्हणालात, "मग तुमच्या त्या बाटलीत दुसरं काय आहे?" मी पुढच्या फोनला सांगते म्हणाले आणि विषय बदलला. ते सांगायचं राहून गेलं.

छप्पन्नावा दिवस. तपासणीला आलात तो शेवटचा. वजन झालं, रक्तदाब झाला, मी फॉर्म भरायला घेतला. तुम्ही डावी बाही उचललीत आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवलीत. नेहमी पडायची तशी नाही, नीट, कोपरापासून सरळ. आणि वाट बघत बसून राहिलात. मला कळलं होतं. पण चाचणी चालू असताना दुसरा कुठलाही उपचार करायचा नाही, मालिशसुद्धा नाही, नाहीतर आकडे बिघडतात. हे मीच तुम्हाला पहिल्या दिवशी वाचून दाखवलं होतं. मी मान खाली घालून फॉर्म भरत राहिले. तो भरून झालेलाच होता. मी त्याच्यावरच्या त्याच अक्षरांवरून पुन्हा पेन फिरवत होते. मग तुम्ही बाही उचललीत आणि म्हणालात, "चला, मंडईत जायचंय."

पाच दिवसांनी सहाला मी फोन लावला. उचलला गेला आणि सवयीने मी लगेच विचारलं, "काका, आज किती?" पलीकडे मृदुलावहिनी होत्या. त्या म्हणाल्या, "बाबा दुपारी गेले हो. खुर्चीतच." हातात पेन तसंच धरून मी उभी होते. ते विचारलेलं मला परत घेता येत नाही.

चार दिवसांनी वहिनी स्वतःच सगळं घेऊन आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बाटली आणि वही. मी वही उघडली आणि मला आधी काय चुकलंय तेच समजेना. ओळी भरलेल्या होत्या. साठपर्यंत भरलेल्या असणारच. पण त्याच्या पुढेही, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, थेट शेवटपर्यंत. तुमचं अक्षर. एकच शाई, एका ओघातली.

"ही कुणी भरली?" मी विचारलं.

"त्यांनीच. पहिल्या आठवड्यात दोन दिवस जेवायच्या टेबलावर बसून सगळी भरून काढली. आम्हाला ताटं ठेवायला जागा नव्हती. का हो, तशीच भरायची नसते का?"

त्या गेल्यावर मी दार लावलं आणि माझं रजिस्टर काढलं. साठ दिवस, साठ आकडे. वहीतला आणि फोनवरचा, एकही चुकलेला नाही. ते समजू शकते, तुम्ही वाचून दाखवत होतात. पण तेविसाव्या दिवशी वही तुमच्याजवळ नव्हती. तो घाम वाचून दाखवलेला नव्हता. आणि वहीत तेविसाव्या ओळीत, तीन आठवडे आधी लिहिलेला, नऊ आहे.

आणि सगळ्या वहीत एकच ओळ रिकामी. एकसष्ट.

तुम्ही मला तुमच्या एका चुकीबद्दल सांगितलं होतंत. एका वर्षी तुमच्या नजरेतून निसटलं आणि संकष्टी एक दिवस अलीकडे छापली गेली. हजारो घरी ते पान लागलेलं. तुम्ही महिनाभर जीव मुठीत धरून होतात. एकही तक्रार आली नाही. लोकांनी त्या दिवशी उपास केला, छापलेल्या वेळेला गच्चीवर गेले, आणि चंद्र दिसला, जेवले. "त्या दिवसापासून मी पुढचे दिवस जपून लिहितो," तुम्ही म्हणाला होतात. मी हसले होते. दुसऱ्या कुणी वही आधी भरली असती तर मी त्याला आळशी म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत ते काम होतं. तुमच्या हाताला पुढच्या तारखा आधी लिहायचीच सवय होती, आणि मी ते विचारायला हवं होतं. पहिल्या दिवशी 'रोज लिहायचं' म्हणाले, 'त्या त्या दिवशी लिहायचं' असं म्हणाले नाही.

वही मी दोन दिवस कपाटात ठेवली. चावी माझ्याकडेच असते. स्पायरलची वही, मागची दोन पानं काढली असती तर कुणाला कळलं नसतं, आणि साठ दिवसांचं तुमचं दुखणं सरळ पुढे गेलं असतं, छापून आलं असतं. तुम्ही एवढंच मागितलं होतंत. एकदा मी पान बोटात धरलंही. पण एकही ओळ खरी आहे याची खात्री मला देता येत नव्हती, आणि खोट्या वहीवर छापून आलेलं दुखणं तुम्हीच तांबड्या पेनने कापलं असतं. तिसऱ्या दिवशी मी वही चाचणीच्या प्रमुख डॉक्टर मॅडमसमोर ठेवली.

त्यांनी सगळी वाचली. रिकाम्या ओळीपाशी थांबल्या. "पानातली शेवटची ओळ आहे. उलटताना सुटली असेल," म्हणाल्या. तेविसाव्या दिवसाचं सांगितल्यावर त्यांनी ते पान पुन्हा उघडलं. मग म्हणाल्या, "मनात तारीख धरून बसले असतील. लिहिलं होतं म्हणून दुखलं. आपण स्प्रेचा परिणाम मोजायला निघालो आणि वहीचा मोजून बसलो. सतराची एकही नोंद आता धरता येणार नाही, सुजाता."

"त्यांना खरंच दुखत होतं, मॅडम."

"मला माहीत आहे. पण मला माहीत असून काय उपयोग?"

तर तुम्ही चाचणीतून बाहेर आहात, काका. तुमच्या वाट्याला हार्मोन होतं की पाणी, हे चाचणी संपल्यावर सगळ्यांच्या बंद पाकिटांबरोबर उघडेल, पण त्या आकड्यांत तुम्ही नसाल. याची मला लाज वाटते. ज्या आकड्यांसाठी मी तुमच्या बाहीला हात लावला नाही, ते आकडे शेवटी कुणालाच नको झाले.

आता उरलेलं. सहाचा गजर मी फोनमधून काढलेला नाही. त्याच्यावर 'सतरा' असं येतं. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तो वाजला तेव्हा मी बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानात होते. गजर बंद करायला गेले तर डावी मूठ वळलेली. अंगठा आत, चार बोटं वर. मी कधी अशी मूठ वळत नाही, कुणीच वळत नाही. तेव्हा मी वही पाहिलेली नव्हती. रोज सहाला तसंच होतं. सात-आठ मिनिटं राहतं आणि जातं. नखांच्या खुणा दुसऱ्या दिवशीपर्यंत दिसतात. मन लागून राहिलं की होतं असं, मीच दुसऱ्या कुणाला हे समजावून सांगितलं असतं.

एकदाच तपासून पाहिलं. वही कपाटात, मी इथे. सहाला कागदावर माझा आकडा लिहिला, चार. मग कुलूप उघडून त्या दिवसाची ओळ पाहिली. त्यानंतर मी वही उघडलेली नाही.

पण शेवटच्या ओळीत काय आहे ते मला माहीत आहे, पहिल्या दिवशीच दिसलं होतं. सगळ्या वहीत तुम्ही शेऱ्याच्या रकान्यात फक्त तिथे लिहिलं आहे. चौऱ्याऐंशी: शून्य. मूठ सुटली.

कशी सुटणार, ते मात्र लिहिलेलं नाही. छप्पन्नाव्या दिवशी तुम्ही बाही टेबलावर ठेवलीत, तेव्हा ते तुमच्या मनात होतं का, हे आता विचारता येत नाही. माझे बाबा दुखण्याने गेले आणि त्यांनाही मी कधी विचारलं नाही, किती दुखतंय. सगळ्या जगाला विचारायची नोकरी करते. तुम्ही मला साठ दिवस आकडा सांगितलात, त्या पंधरा-पंधरा मिनिटांत माझं काय काय हलकं झालं, ते मी तुम्हाला एकदाही सांगितलं नाही. आता सांगते. फार बरं वाटायचं, काका.

दुपारी मंडईत जाऊन खोबरेल तेलाची छोटी बाटली आणली. सहाला पाच कमी आहेत. पेन ठेवते.

सहा वाजून बारा मिनिटं. जसं झालं तसं लिहिते. गजर झाला, डावी मूठ वळली. ती मी मांडीवर तशीच राहू दिली. आधीच वाटीत ओतून ठेवलेल्या तेलाने उजवा तळवा माखला आणि तुमच्या खुर्चीसमोर, टेबलावर जिथे तुम्ही बाही सरळ ठेवली होतीत, तिथे हात नेला. मला फार वेड्यासारखं वाटत होतं. आधी चोळलं, मग करंगळीपासून सुरुवात केली. करंगळी अडली. जराशीच, पण अडली, आणि मग सुटली. मग पुढची तीन बोटं. अंगठा शेवटी, तो सगळ्यात जड होता. खाली मांडीवर पाहिलं तर माझा डावा हात उघडा पडलेला होता.

दुखत नाही. शून्य.

हात पुसायला रुमाल काढला होता. उजवा तळवा कोरडा आहे.